टेलिग्रामवर नोट्स साठतात, उत्तर मात्र लिहिता येत नाही: गटातून अभ्यास नेमका कसा होतो?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूप २०२५ पासून पालटलं. त्याआधी सहा पेपर आणि ८०० गुण होते, आणि भाषेचा एक पेपर सोडला तर सगळा मामला चारपैकी योग्य गोल काळा करण्याचा होता. आता यूपीएससीच्या धर्तीवर नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर २५ टक्के मिळवून फक्त पार करायचे. निबंध एक, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, अशा सात पेपरांचे प्रत्येकी २५० प्रमाणे १७५० गुण गुणवत्तायादीत धरले जातात. वर मुलाखतीचे २७५. पुण्यात या बदलावरून आंदोलनं झाली आणि अंमलबजावणी २०२३ वरून २०२५ वर ढकलली गेली. वाढीव मुदत तेव्हा मिळाली, पण सरावाच्या सवयी जुन्याच राहिल्या.

कुठल्याही अभ्यासिकेत चौकशी केली तर चित्र सारखंच दिसतं. फोनमध्ये तीस-चाळीस टेलिग्राम चॅनेल, हजारो पीडीएफ, यूट्यूबच्या डझनभर प्लेलिस्ट. आणि कोरा कागद पुढे आला की दुसऱ्या ओळीपाशी पेन थांबतं. दोष सोशल मीडियाचा म्हणून फोन कपाटात ठेवणारे बरेच आहेत. पण ज्याला क्लासची टेस्ट सिरीज परवडत नाही, किंवा जो परभणीतल्या एखाद्या गावी बसून अभ्यास करतो, त्याला आपलं उत्तर दुसऱ्याच्या नजरेखालून घालण्याचा स्वस्त मार्ग याच फोनमध्ये आहे. तो वापरायचा कसा, एवढंच इथे पाहू.

चॅनेल वेगळं, गट वेगळा

टेलिग्रामवर दोन प्रकारच्या जागा आहेत आणि अभ्यासाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चॅनेलवर एकजण टाकतो, बाकीचे वाचतात. सभासदांना मर्यादा नाही. गटात सगळ्यांना बोलता येतं; टेलिग्रामच्या गटात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात, व्हॉट्सॲपच्या गटात १०२४.

चॅनेल ही सूचनाफलकासारखी जागा. जाहिरात आली, निकाल लागला, प्रवेशपत्र आलं हे कळायला ती उत्तम आहे. त्यासाठी दोन-तीन चॅनेल पुरतात, बाकीची म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकावीत. शिकणं घडतं ते गटात, आणि तेही लहान गटात. पाच हजारांच्या गटात कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देणारे तेच चार-सहा जण असतात. उरलेले वाचत राहतात आणि आपणही चर्चेत होतो असं त्यांना वाटतं.

वाचलेलं 'आलं' असं का वाटतं?

वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

न बघता आठवून काढण्याच्या या सरावाला आपण 'स्मरण-सराव' म्हणू. चॅनेलवर पीडीएफ चाळणं किंवा व्हिडिओ दीडपट वेगाने बघणं हे पुन्हा वाचण्याच्या खात्यात जमा होतं. मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं म्हणजे आलेलं असा समज होतो. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत त्यावर बऱ्यापैकी निभावतं, कारण योग्य पर्याय समोर छापलेला असतो आणि तो नुसता ओळखायचा असतो. वर्णनात्मक पेपरात समोर काहीच नसतं.

यूट्यूबबद्दल एवढंच ध्यानात ठेवावं की पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे तुमच्या आधीच्या पाहण्यावरून ठरतं, अभ्यासक्रमाच्या क्रमावरून नाही. राज्यघटनेचा एक व्हिडिओ पाहिला की त्याच प्रकरणाचे आणखी सात सुचवले जातात आणि अभ्यासक्रमातला कोरडा भाग, उदाहरणार्थ वित्त आयोग, कधीच समोर येत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी बंद करावी आणि जुनी पुसून टाकावी. मग मुखपृष्ठावरच्या शिफारशी जवळपास थांबतात. आयोगाच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत शेजारी ठेवून, त्यातला मुद्दा शोधून, तेवढाच व्हिडिओ बघावा. संपल्यावर फोन पालथा घालून पाच ओळी लिहाव्यात.

पाच जणांचा गट: रोज काय करायचं?

जोर-बैठका एकट्याने मारता येतात, पण डाव आणि त्याचा तोड शिकायला तालमीत समोर जोडीदारच लागतो. उत्तरलेखनाचं तसंच आहे. वाचन आणि पाठांतर तुमचं तुम्ही करा. गट राखून ठेवायचा तो उत्तर लिहून दाखवायला आणि दुसऱ्याचं तपासायला.

संख्या चार ते सहा असावी. तीन असले आणि एक आजारी पडला की गट बंद पडतो, आठ झाले की कोणाचं कोण तपासणार यात गोंधळ होतो. पाच धरून चालू.

रात्री आठला गटात एक प्रश्न पडतो. आठवड्याचे प्रश्न एकानेच रविवारी निवडून टेलिग्रामच्या 'शेड्यूल' सोयीने वेळ लावून ठेवले की रोज कोणाला आठवण करावी लागत नाही. प्रश्न शक्यतो आधीच्या वर्षांच्या यूपीएससी आणि आयोगाच्या प्रश्नपत्रिकांतून घ्यावेत. स्वतः रचलेले प्रश्न बहुधा 'माहिती द्या' छापाचे निघतात आणि परीक्षेत तसे येत नाहीत.

प्रत्येकाने हाताने, रेघा आखलेल्या कागदावर, नोट्स मिटून लिहायचं. वेळेचा हिशेब यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीनपैकी कोणत्याही पेपरावरून करता येतो. तिथे तीन तासांत वीस प्रश्न असतात: दहा प्रश्न १० गुणांचे, १५० शब्दांचे, दहा प्रश्न १५ गुणांचे, २५० शब्दांचे. लहान प्रश्नाला सात मिनिटं आणि मोठ्याला अकरा दिली की बरोबर १८० मिनिटं होतात. सरावातही हीच घड्याळं लावावीत. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली.

मग फोटो. खिडकीजवळ किंवा दिव्याखाली कागद सपाट ठेवून, फोन समांतर धरून. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो आकसतो आणि बारीक अक्षर पुसट होतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. साडेआठपर्यंत पाचही उत्तरं गटात यायला हवीत.

तपासणी साखळीने करावी: पहिला दुसऱ्याचं, दुसरा तिसऱ्याचं, पाचवा पहिल्याचं. दर सोमवारी साखळी बदलायची. एकाने एकच उत्तर तपासायचं असल्याने दहा मिनिटांत काम होतं. तपासणाऱ्याने गुण देऊ नयेत. दहापैकी साडेचार की पाच यावर वाद होतो आणि त्यातून कोणीच काही शिकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहिणं बंधनकारक ठेवावं: प्रश्नाने विचारलेलं कुठे सुटलं, कोणता तपशील मूळ स्रोतात पडताळायला हवा, आणि उत्तरातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सुधारून.

तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची आहे. वाक्य सुधारताना तपासणाऱ्यालाही डोकं चालवावं लागतं, आणि 'छान', 'मस्त', अंगठा एवढ्यावर कोणाला सुटता येत नाही.

एक उत्तर तपासून पाहू

प्रश्न: '७३ व्या घटनादुरुस्तीमुळे महाराष्ट्रातील पंचायतराज व्यवस्थेत झालेल्या बदलांचे टीकात्मक परीक्षण करा.' उत्तराची सुरुवात अशी:

'७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली झाली. या घटनादुरुस्तीने महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायतराज आणले, महिलांना ५० टक्के आरक्षण दिले व अकराव्या अनुसूचीतील २९ विषय पंचायतींकडे सोपवले.'

वाचायला घरंगळत जाणारी ओळ आहे. अशी वाक्यं पीडीएफमध्ये सर्रास सापडतात. आता एकेक शब्द धरून बघा.

'१९९३ साली झाली': घटनादुरुस्तीचा कायदा १९९२ चा, तो लागू झाला २४ एप्रिल १९९३ रोजी. 'महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायतराज आणले': इथे मोठी चूक आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय रचना चालू होती. घटनादुरुस्तीने ती आणली नाही, तिला घटनात्मक आधार दिला. '५० टक्के आरक्षण': कलम २४३घ मध्ये 'किमान एक तृतीयांश' आहे, पन्नास टक्के महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतःच्या कायद्याने केले. '२९ विषय सोपवले': कलम २४३छ नुसार अधिकार द्यायचे की नाही हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर आहे. सोपवले आणि सोपवता येतील, यात टीकात्मक परीक्षणाचा अर्धा जीव आहे.

आणि जे सुटलं ते? 'टीकात्मक परीक्षण करा' म्हटल्यावर दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत पुराव्यासह द्यावं लागतं. 'स्पष्ट करा' असतं तर कसं आणि का एवढ्यावर भागलं असतं. इथे राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग या जमेच्या बाजू यायला हव्या होत्या. दुसऱ्या बाजूला, घटनेत पाच वर्षांची मुदत ठरलेली असतानाही महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले, हा मुद्दा हवा होता.

दोन ओळींत चार दुरुस्त्या निघाल्या. एकट्याने लिहिणाऱ्याला यातली एकही दिसली नसती, कारण ज्या नोट्समधून ते वाक्य डोक्यात बसलं, त्याच नोट्स तो पडताळणीला उघडतो. तपासणाऱ्याने मात्र दुसरं पुस्तक वाचलेलं असतं.

पण तपासणाराही माझ्याइतकाच कच्चा असेल तर?

ही शंका रास्त आहे, आणि वरच्या तीन अटींतली दुसरी तिच्यासाठीच आहे. तपासणाऱ्याला बरोबर उत्तर माहीत असायलाच हवं असं नाही. 'हे कुठे लिहिलंय?' एवढा प्रश्न त्याने विचारावा, आणि लिहिणाऱ्याने मूळ स्रोत दाखवावा. संविधानाचा अधिकृत मजकूर, राज्याची वार्षिक आर्थिक पाहणी, बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं हे सगळं फुकट आणि अधिकृत संकेतस्थळांवर उपलब्ध आहे. 'अमुक सरांच्या नोट्समध्ये आहे' याला स्रोत धरू नये.

इथे एक अडचण हमखास येते. गटात कोणी दोनदा मुख्य दिलेला असतो. त्याला सगळे 'सर' म्हणू लागतात आणि मग त्याचं कोणी तपासत नाही. महिनाभरात गटाचा फुकट क्लास होतो, आणि सर कंटाळले की तोही संपतो. साखळीत सरांचाही नंबर लागलाच पाहिजे.

दुसरा आजार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो: दोघे लिहायचे थांबतात, वाचत मात्र राहतात. त्यांना वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही. सुरुवातीलाच नियम ठेवावा की सलग तीन उत्तरं लिहिली नाहीत तर गट सोडायचा आणि तयारी झाली की परत यायचं. नियम आधी लिहिलेला असला की मैत्री तुटत नाही.

माझं उत्तर वाचून तोच माझ्या पुढे गेला तर?

परीक्षेला लाखांत माणसं बसतात. तुमचे चार जोडीदार त्यातले चार. त्यांच्यापासून मुद्दा लपवून जे वाचतं, त्याच्या कितीतरी पट त्यांच्या लाल शेऱ्यांतून मिळतं. शिवाय दुसऱ्याचं उत्तर तपासताना परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यासारखं होतं: लांबलेली प्रस्तावना किती कंटाळवाणी असते, हे स्वतःच्या उत्तरात कळत नाही, दुसऱ्याच्या उत्तरात लगेच कळतं.

'पेपर आलाय' आणि 'जीआर निघालाय'

जून २०२४ मध्ये यूजीसी-नेट परीक्षा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नऊ लाखांवर उमेदवारांनी ती दिली होती. टेलिग्रामवर फिरलेल्या स्क्रीनशॉटचा त्यात मोठा वाटा होता, आणि तो स्क्रीनशॉट फेरफार केलेला होता असं नंतर सीबीआयच्या तपासात आढळलं. स्क्रीनशॉटवरची तारीख-वेळ हा पुरावा नव्हे, हे त्यातून शिकायचं. पेपर विकण्याच्या जाहिराती परीक्षेच्या आधी दरवेळी येतात. पैसे जातात, आणि पेपर खरा निघाला तर गुन्ह्यात नाव येतं. असं चॅनेल दिसलं की रिपोर्ट करून बाहेर पडावं.

शासन निर्णयाची, म्हणजे जीआरची, पडताळणी तर अगदी सोपी आहे. प्रत्येक खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक छापलेला असतो. तो आकडा महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या शोधात टाकावा. सापडला तर खरा. संकेतांकच नसलेला जीआर पुढे पाठवू नये. वेळापत्रक आणि अभ्यासक्रमाबाबत आयोगाचं संकेतस्थळ सोडून दुसऱ्या कशावर विसंबू नये.

पूर्व परीक्षेसाठी टेलिग्रामवरच्या प्रश्नमंजुषा कामाच्या आहेत, पण दोन खाचा आहेत. स्पष्टीकरणाला तिथे २०० अक्षरांचीच जागा असते, त्यामुळे 'का' बहुधा कळत नाही. आणि चुकलं तर काही वजा होत नाही, म्हणून बोट सैल सुटतं. पूर्वच्या पेपर एकमध्ये १०० प्रश्न, २०० गुण आणि चुकीला एक चतुर्थांश वजावट आहे. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे वहीत 'खात्री' किंवा 'अंदाज' लिहावं. पन्नास प्रश्नांनंतर 'खात्री' लिहिलेल्यांपैकी किती चुकले ते मोजलं, की नेमकं कोणतं प्रकरण पुन्हा करायचं ते समजतं.

मुलींनी आणि नवख्यांनी आधी करायची दोन कामं

व्हॉट्सॲपच्या गटात तुमचा नंबर प्रत्येकाला दिसतो. त्यामुळे अनोळखी लोकांचा गट टेलिग्रामवर असलेला बरा. तिथे सेटिंगमधल्या गोपनीयतेत फोन नंबर 'कोणालाही नाही' असा करता येतो. त्याच ठिकाणी 'मला गटात कोण घेऊ शकेल' याला 'फक्त माझे संपर्क' लावावं. उत्तराच्या फोटोत प्रवेशपत्र, आधार किंवा घरातलं काही येत नाही ना, हे पाठवण्याआधी बघावं.

एआयकडूनच तपासून घेतलं तर?

घेता येतं, पण कशासाठी ते ठरवून. प्रश्नाचे पैलू सुचवायला, पसरट वाक्य आटोपशीर करायला, उलट प्रश्न विचारायला ते चांगलं आहे. कलम क्रमांक, वर्षं, समित्यांची नावं यांबाबतीत मात्र ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं सांगू शकतं, आणि हस्ताक्षराच्या फोटोतला मराठी मजकूरही कधीकधी चुकीचा वाचतं. शिवाय त्याच्या गोड शेऱ्यांची सवय लागते. जोडीदाराने तपासल्यानंतर, पडताळणीची अट तशीच ठेवून, त्याचा वापर करावा.

मुख्य परीक्षा जवळ आली की

शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत रोज एक प्रश्न पुरत नाही. गटाने आठवड्यातून एकदा एकाच वेळी तीन तासांचा पूर्ण पेपर लिहावा, व्हिडिओ कॉल चालू ठेवून आणि आवाज बंद करून. वीसही उत्तरं तपासायला कोणाला सवड नसते, म्हणून तीनच पाठवायची: पहिलं, दहावं आणि शेवटचं. तिन्ही शेजारी ठेवली की पहिलं उत्तर दोनशे शब्दांपर्यंत लांबलेलं आणि शेवटचं साठ-सत्तर शब्दांत आटोपलेलं दिसतं, अक्षर तिरकं होत गेलेलं दिसतं. पुढच्या पेपराला पहिल्या उत्तराची सात मिनिटं झाली की कॉलवरच्या एकाने फक्त टेबलावर टिचकी मारायची जबाबदारी घ्यावी, आणि त्या वेळेपुरता त्याचा माइक चालू ठेवावा.